रामटेकच्या गडावर मेघदूत वाचायचं तर

आषाढ जवळ आला की नागपुरात कोणाच्या तरी डोक्यात हा बेत येतोच : पंधरावीस जण जमवू, रामटेकला जाऊ, गडावर बसून मेघदूत वाचू. बेत चांगला आहे. कालिदासाच्या या काव्यात शापापायी रामगिरी डोंगरावर राहिलेला एक यक्ष मेघाबरोबर अलकानगरीतल्या बायकोला निरोप पाठवतो; पूर्वमेघात वाट, उत्तरमेघात अलका आणि निरोप. रामटेक म्हणजेच तो रामगिरी असं अनेकजण मानतात. पण बहुतेक वेळा एकजण पहिले दोन श्लोक म्हणतो, दुसरा कालिदासावर भाषण ठोकतो, पाऊस येतो आणि भजी खाऊन मंडळी परततात. काव्य राहतं तिथेच. खरं तर सगळं काव्य मोठ्यानं, वृत्तात, अर्थासकट एका दिवसात वाचून होतं. त्याची तयारी मात्र गडावर होत नाही, ती महिनाभर आधी नागपुरात, कोणाच्या तरी गच्चीवर होते. गडावर जाऊन फक्त वाचायचं असतं.

दिवस ठरवताना

कालनिर्णयात आषाढ शुद्ध प्रतिपदा बघा आणि तारीख दर वर्षी नव्यानं बघा. २०२३ मध्ये ती १९ जूनला होती, २०२५ मध्ये २६ जूनला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढ थेट जुलैच्या मध्याला सुरू होतो. गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून गाडी ठरवली की फसलं. नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्यापासून धरतो, त्यामुळे प्रतिपदा १९-२० जूनला आली तर आभाळ कोरडंही असू शकतं. जुलैत आली तर भिजायची तयारी ठेवा.

महाराष्ट्रात हा दिवस कालिदास दिन म्हणून पाळतात आणि रामटेकात कवीच्या नावाचं संस्कृत विद्यापीठच आहे, १९९७ पासूनचं. त्या दिवशी गावात कार्यक्रम असतात, हार-तुरे असतात, लाउडस्पीकर असतो. शांतपणे वाचायचं असेल तर एक दिवस आधी किंवा नंतर जा. त्यानं काही बिघडत नाही, कारण पहिला दिवस म्हणजे नेमका कोणता हा वाद खुद्द टीकाकारांतच आहे.

वाद असा. दुसऱ्या श्लोकात ‘आषाढस्य प्रथमदिवसे’ हा पाठ मल्लिनाथ धरतो. त्याच्याही आधीचा काश्मिरी टीकाकार वल्लभदेव ‘प्रशमदिवसे’ वाचतो, म्हणजे आषाढ सरताना. आता शेवटाकडचा ‘शापान्तो मे’ हा श्लोक काढा. यक्ष सांगतो, विष्णू शेषशय्येवरून उठला की माझा शाप संपेल, उरलेले चार महिने डोळे मिटून काढ. विष्णू उठतो कार्तिक शुद्ध एकादशीला. आषाढ शुद्ध प्रतिपदेपासून मोजलं तर चार महिने दहा दिवस होतात. उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पद्धतीनं आषाढ पौर्णिमेला संपतो. तिथून मोजलं तर चार महिन्यांना चार दिवस कमी. आपल्याकडच्या अमान्त पद्धतीनं आषाढ अमावस्येला संपतो, तिथून तीन महिने अकरा दिवसच उरतात. हे गणित वहीच्या एका पानावर मांडून न्या. गटातल्या गणिताच्या माणसाला कवितेत ओढायचा याहून सोपा मार्ग नाही. आणि वृत्तावरून निकाल लागेल अशी आशा धरू नका : प्र-थ-म आणि प्र-श-म दोन्ही वृत्तात सारखेच बसतात.

किती वेळ लागतो

श्लोकांची संख्या प्रतीनुसार बदलते. वल्लभदेवाच्या पाठात १११ आहेत, मल्लिनाथी प्रतींत त्याहून जास्त भरतात. १११ धरून चाला. मंदाक्रान्ता या काव्याच्या वृत्तात एक श्लोक नीट, विसावे घेत म्हणायला ४० सेकंद लागतात. म्हणजे नुसतं संस्कृत ७४ मिनिटांचं. प्रत्येक श्लोकाला मिनिटभर मराठी अर्थ धरला तर आणखी १११ मिनिटं. एकूण तीन तास पाच मिनिटं. मध्ये चहा, पाऊस, माकडं आणि ‘हे पुन्हा एकदा म्हणा’ हे धरून साडेचार तास राखून ठेवा. दोन तासांत आटोपू म्हणणारे उत्तरमेघाला पोचत नाहीत, आणि ज्याच्यासाठी मेघाला एवढं पाठवलं तो निरोप उत्तरमेघातच आहे.

गट १२ ते १५ जणांचा असावा. प्रत्येकाच्या वाट्याला सात ते नऊ श्लोक येतात आणि गोल बसलं की माइकशिवाय ऐकू येतं. पंचवीस झाले की माइक लागतो, माइक आला की सूत्रसंचालक येतो, आणि मग सगळंच बिघडतं.

श्लोक वाटताना पाळीपाळीनं एकेक देऊ नका. सलग तुकडे द्या : एकाला रेवेपर्यंतचा, म्हणजे नर्मदेपर्यंतचा, रस्ता, दुसऱ्याला विदिशा, दोघांना मिळून उज्जयिनी, कारण तिथे कवी बराच रेंगाळतो. सलग तुकडा मिळाला की वाचणारा तो भाग आपला म्हणून अभ्यासतो. आणि श्लोक क्रमांकानं वाटू नका. एकाकडे एक आवृत्ती, दुसऱ्याकडे दुसरी. ‘चोविसावा’ म्हटलं की दोघं दोन वेगळे श्लोक सुरू करतात. आद्याक्षरांची यादी करा : कश्चित्कान्ता, तस्मिन्नद्रौ, धूमज्योतिः, मार्गं तावत्, त्वामासार, तेषां दिक्षु, वक्रः पन्थाः, तन्वी श्यामा, शापान्तो मे. त्याहून बरं म्हणजे एकाच प्रतीवरून सगळ्यांसाठी कागद काढा.

कागदांचं : अक्षर १८ पॉइंटचं, चरण मध्येच तुटू देऊ नका, तुटत असेल तर कागद आडवा घ्या. एका पानावर तीन श्लोक, खाली मराठी अर्थासाठी जागा. इंकजेटवर छापू नका, पहिल्या सरीत शाई पसरते. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स टिकतं. मोबाइलवरून वाचू म्हणणाऱ्याला पण एक कागदी संच द्याच. ओल्या बोटांनी स्क्रीन हलत नाही.

मराठी अर्थासाठी समश्लोकी अनुवाद बरेच आहेत आणि त्यांतले काही फार सुंदर आहेत. तरी वाचनात गद्य अर्थ घ्या. संस्कृतापाठोपाठ तेच वृत्त मराठीत आलं की कान दमतो, आणि समश्लोकीत वृत्तापायी शब्द मागेपुढे झालेले असल्यामुळे अर्थ पुन्हा सांगावाच लागतो.

वृत्त : सगळी मेहनत इथे

मंदाक्रान्तेच्या चरणात १७ अक्षरं. गण म भ न त त, शेवटी दोन गुरू. गण पाठ करायची गरज नाही. तीन तुकडे पाठ करा, चार, सहा, सात :

गा गा गा गा । ल ल ल ल ल गा । गा ल गा गा ल गा गा

‘गा’ म्हणजे गुरू, दोन मात्रांचं अक्षर; ‘ल’ म्हणजे लघू, एका मात्रेचं. पहिला तुकडा ८ मात्रांचा, दुसरा ७, तिसरा १२. चरणाच्या २७ आणि श्लोकाच्या १०८. आधी चार पावलं जड टाकायची, मग पाच थेंब टपटप पडू द्यायचे, त्यानंतर हेलकावे घेत काठाला लागायचं. मांडीवर हाताने ठेका धरा : गुरूला पूर्ण तळवा, लघूला एक बोट. पहिल्या बैठकीत शब्द नकोतच, दहा मिनिटं नुसतं ‘गा गा गा गा’ करा. हसू येतं, येऊ द्या.

मग पहिला चरण :

कश् चित् कान् ता । वि र ह गु रु णा । स्वा धि का रात् प्र मत् तः

इथे नेमक्या तीन चुका होतात, आणि तिन्ही मराठी तोंडाच्या आहेत.

पहिली, आपण अकार खातो. मराठीत ‘जनक’ म्हणताना शेवटचा क पाय मोडून येतो. तिसऱ्या चरणातलं ‘जनकतनया’ आपण ‘जनक्‌तनया’ असं म्हणून मोकळे होतो. ज-न-क-त-न ही पाच लघू अक्षरं सुटी, सारख्या अंतरानं पडायला हवीत. क चा पाय मोडला की पाचाची चार होतात, त्यांतलं एक गुरू होतं आणि चरण लंगडतो. ‘विरहगुरुणा’मध्ये ह असाच गिळला जातो. पंधरा जणांतले बाराजण इथे चुकतात. उपाय एकच : ही पाच अक्षरं कागदावर निळ्या पेनानं अधोरेखित करा आणि पाच बोटांवर मोजत म्हणा.

दुसरी चूक जोडाक्षराची. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं, मग ते जोडाक्षर पुढच्या शब्दात का असेना. ‘आषाढस्य प्रथमदिवसे’ घ्या. ‘स्य’ स्वतः ऱ्हस्व आहे. पुढे ‘प्र’ आहे म्हणूनच तो चौथा गुरू ठरतो. आषाढस्य म्हणून सैल सोडलं तर पहिला तुकडा एका मात्रेनं तोकडा पडतो. ‘स्य’वर किंचित रेंगाळून मग ‘प्र’वर आपटा.

तिसरी चूक यतीची. चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर विसावा आहे खरा, पण तो स्वल्पविराम नव्हे. ‘कान्ताविरहगुरुणा’ हा एकच समास आहे आणि यती त्याच्या पोटात पडते. तिथे श्वास तोडला तर ‘कोणी एक कान्ता’ असा भलताच अर्थ कानावर पडतो आणि यक्षाचं लिंगच बदलतं. आवाज धरून ठेवायचा, तोडायचा नाही. श्वास दहाव्या अक्षरानंतर घ्या. तिथे ‘णा’सारखं गुरू अक्षर असल्यामुळे जागा मिळते. कागदावर चौथ्यानंतर लाल टिंब आणि दहाव्यानंतर लाल उभी रेघ मारली की वाचणाऱ्याला विचार करावा लागत नाही.

चरणाचं शेवटचं अक्षर ऱ्हस्व असलं तरी ते गुरूच धरायचं. चौथा चरण ‘रामगिर्याश्रमेषु’वर संपतो, तो ‘षु’ दोन मात्रांचा म्हणा, नाहीतर श्लोक कड्यावरून पडल्यासारखा संपतो. चालीचा मोह टाळा. एखाद्या भावगीताची चाल लावली की ऐकायला गोड वाटतं आणि दहाव्या श्लोकाला सगळ्यांना झोप येते. साधं, बोलल्यासारखं, मात्रांत पक्कं म्हणावं.

चार रविवार पुरतात. पहिल्या रविवारी फक्त ठेका आणि पहिला श्लोक. दुसऱ्या रविवारी प्रत्येकानं आपला तुकडा, अर्थाशिवाय. तिसऱ्या रविवारी अर्थ. चौथ्या रविवारी घड्याळ लावून पूर्वमेघ सलग. चौथ्याला जो येत नाही त्याचे श्लोक दुसऱ्याला द्यावेत, भीड बाळगू नये.

कापडावरचा नकाशा

पूर्वमेघ म्हणजे रस्ता सांगणं आहे, आणि रस्ता ऐकताना समोर नकाशा नसेल तर नावं नुसती कानावरून जातात. छापील नकाशा विकत आणण्यापेक्षा मांजरपाटाचं १३० सेंटिमीटर उंच आणि ८० रुंद कापड घ्या. प्रमाण १ सेंटिमीटरला १० किलोमीटर. रामटेक खालच्या कडेपासून १० सेंटिमीटरवर आणि डाव्या कडेपासून ५० सेंटिमीटरवर लावा. तिथून मोजायचं :

विदिशा वर साडेतेवीस, डावीकडे साडेपंधरा. उज्जैन वर २०, डावीकडे ३६. मंदसौर म्हणजे काव्यातलं दशपूर, वर साडेएकोणतीस, डावीकडे ४३. कुरुक्षेत्र वर ९५, डावीकडे २४. हरिद्वारजवळचं कनखल वर ९५, डावीकडे १२. कैलास वर १०७, उजवीकडे १९. नर्मदेची रेघ रामटेकच्या थेट वर सुमारे १८ सेंटिमीटरवरून आडवी न्या. बेतवा, शिप्रा, चंबळ निळ्या दोऱ्यानं शिवल्या तर पावसातही जात नाहीत. स्केचपेननं काढल्या तर जातील. मेघाच्या वाटेसाठी पांढरी लोकर आणि टाचण्या. श्लोक वाचला की पुढची टाचणी लावायची, हे काम गटातल्या सगळ्यात लहान मुलाला द्या.

लोकर लावताना काव्याची चाल दिसू लागते. विदिशेहून उत्तरेला जायचं तर उज्जैन वाटेत नाहीच. मेघाला दोनशे किलोमीटरच्या वर पश्चिमेला वळावं लागतं. कवीलाही हे माहीत आहे, म्हणून तो ‘वक्रः पन्थाः’ म्हणत आधीच कबूल करतो की वाट वाकडी आहे, तरी उज्जयिनीच्या गच्च्यांना पाठ दाखवू नकोस. उलट दशपुरापासून कुरुक्षेत्रापर्यंत ६८ सेंटिमीटर, म्हणजे पावणेसातशे किलोमीटर, आणि तिथे कवी एका झेपेत पोचतो. कोणतं गाव त्याच्या जिवाचं होतं हे सांगायला भाषण लागत नाही, लोकर पुरते.

रामगिरी म्हणजे नेमका कोणता डोंगर हा वादही याच कापडावर सोडवून बघता येतो. मल्लिनाथ आणि वल्लभदेव दोघंही रामगिरी म्हणजे चित्रकूट म्हणतात. चित्रकूटाची टाचणी लावा : वर ४२, उजवीकडे १६. ती नर्मदेच्या बऱ्याच वर पडते. उत्तरेला निघालेल्या मेघाला चित्रकूटाहून रेवा कशी लागेल? दुसरा दावा छत्तीसगडातल्या सरगुजाच्या रामगढचा. तो वर सुमारे १६ आणि उजवीकडे ३७ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे कापडाच्या बाहेर. शेजारी एक पट्टी जोडून ठेवा, दावा कापडात मावत नाही म्हणून वगळला असं व्हायला नको. रामटेकच्या बाजूनं नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी आयुष्यभर बोलले. त्यांच्या हातात आणखी एक भक्कम पुरावा होता, तो पुढे येतो.

रामटेकवाल्यांची अडचणही लपवू नका. आम्रकूट म्हणजे अमरकंटक असं शाळेत शिकवतात. टाचणी लावा : वर १४, उजवीकडे २५. अडीचशे किलोमीटर पूर्वेकडे. आणि काव्य तर म्हणतं, माळ नावाच्या पठारावर चढ, ‘किञ्चित्पश्चात्’, जरा पश्चिमेला हो, मग पुन्हा उत्तरेला. रामटेक धरलं तर आम्रकूट अमरकंटक असू शकत नाही. अमरकंटक धरलं तर रामटेकहून निघणं विचित्र होतं. दोन्ही हवं म्हणणाऱ्याला लोकर हातात द्या आणि लावायला सांगा.

गडावर

नागपूरहून रामटेक रस्त्यानं सुमारे ५० किलोमीटर, कामठी-कन्हान करत मनसरला उजवीकडे वळायचं. इतवारीहून रामटेकची पॅसेंजर आहे, गणेशपेठच्या बसस्थानकावरून एस.टी. आहे. रेल्वेचं वेळापत्रक आदल्या दिवशी तपासा. स्वतःची गाडी असेल तर पहाटे साडेपाचला निघा, सातपर्यंत पायथ्याला. गाडी वरपर्यंत जाते, तरी धडधाकट लोकांनी अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढावं. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं. चपला नकोत, खाचा असलेले बूट घाला आणि नकाशाचं कापड पाठीवर बांधा, हात मोकळे राहतात.

वाटेतले दरवाजे, वराहाची मोठी थोरली मूर्ती हे सगळं परतताना बघायला ठेवा. चढतानाच सगळ्यांनी फोटो काढले तर वाचन अकराला सुरू होतं आणि ऊन किंवा पाऊस, दोघांपैकी एकजण गाठतोच.

वांदरांचं आधी सांगून ठेवा. गडावरची वांदरं कागदाकडे बघत नाहीत, पिशवीच्या चुरचुर आवाजाकडे बघतात. प्लॅस्टिकची पिशवी उघडली की संपलं. डबे गाडीत ठेवा, कागद कापडी झोळीत, आणि वाचन चालू असताना कोणाच्याही हातात बिस्कीट नको. एकाला फक्त पहाऱ्याला बसवा, दर अर्ध्या तासानं माणूस बदला.

जागा निवडताना देवळाचा जाण्यायेण्याचा रस्ता सोडा. हे चालतं देऊळ आहे. दर्शनाला आलेल्या आजीबाईंना तुमच्या यक्षाशी काही देणंघेणं नाही. पत्र्याच्या शेडखाली बसू नका. सर आली की पत्रा असा वाजतो की शेजारच्याचंही ऐकू येत नाही. दगडी छत असेल तिथे बसा. पूर्वमेघ मोकळ्यावर, जिथून खालची शेतं दिसतात अशा ठिकाणी वाचला तर उत्तम, कारण ‘सद्यः सीरोत्कषणसुरभि’ हा तुकडा तिथेच कळतो : नुकत्याच नांगरलेल्या जमिनीचा वास. या भागात धान होतं. खाली बांधी नांगरून पाण्यानं भरलेल्या असतात, रोवणीची तयारी असते, आणि काव्यातल्या गावाकडच्या बाया मेघाकडे ज्या नजरेनं बघतात ती नजर त्या शेतात त्या दिवशीही असतेच. त्या श्लोकाला अर्थ सांगायची गरज पडत नाही.

गडगडाट ऐकू आला की कठड्यापासून आणि मोकळ्या माथ्यावरून उठायचं, श्लोक अर्धा राहिला तरी. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजत बसू नका, आवाज आला एवढं पुरे. छत्र्या मिटा आणि आत जा.

उत्तरमेघ कालिदास स्मारकात वाचता येतो. तिथे भिंतींवर त्याच्या काव्य-नाटकांतले प्रसंग रंगवलेले आहेत. वेळा आणि परवानगी आधी विचारून घ्या. उत्तरमेघाला नकाशा गुंडाळून ठेवा. आता रस्ता संपला. अलकेतलं घर, वापी, आणि खिडकीशी बसलेली ती. वाचणारे आवाज कमी ठेवा, इथे दोनच आवाज असले तरी चालतं.

लोकांना काय सांगायचं

गडावर कोणीतरी हमखास म्हणतो, ‘कालिदासानं इथेच बसून मेघदूत लिहिलं’. काव्यात तसं काही नाही. काव्य एवढंच सांगतं की एक यक्ष रामगिरीच्या आश्रमांत राहिला, जिथलं पाणी जनकाच्या मुलीच्या स्नानानं पुण्य झालं होतं. कवीचा काळही ठाम नाही; गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसऱ्याच्या काळात त्याला बसवतात तो बहुतेकांचा कल आहे, ताम्रपट नव्हे. अगस्त्याचा आश्रम, रामानं इथे घेतलेली टेक ही गडाची दंतकथा आहे. ती दंतकथा म्हणूनच सांगा, गोड आहे.

पुरावा कुठे आहे? तो एका राणीजवळ आहे. प्रभावतीगुप्ता ही चंद्रगुप्त दुसऱ्याची मुलगी, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्यातल्या रुद्रसेन दुसऱ्याला दिलेली. नवरा लवकर गेला, मुलगा लहान, कारभार तिनं हाकला. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकपासून सहा-सात किलोमीटरवरचं नगरधन. तिच्या पुण्याला सापडलेल्या ताम्रपटात वंशावळ सासरची नाही, माहेरच्या गुप्तांची आहे. आणि अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला मिळालेला तिचा ताम्रपट दिला गेला आहे ‘रामगिरिस्वामिनः पादमूलात्’, रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी. म्हणजे पाचव्या शतकात वाकाटकांच्या राजधानीजवळ रामगिरी नावाचा डोंगर होता आणि तिथे रामगिरीच्या स्वामीचं पूजास्थान होतं. आता मेघदूतातला निरोपाचा श्लोक काढा : मेघाला या डोंगराला मिठी मारून निघायला सांगितलंय, कारण त्याच्या उतारांवर ‘रघुपतिपदैः’, रामाच्या पावलांच्या खुणा आहेत. दोन्ही ओळी एकापाठोपाठ मोठ्यानं वाचा आणि गप्प बसा. यावर कोणी काही बोलायची घाई करू नये.

इथून पुढे कवी वाकाटकांच्या दरबारी आला होता, राजपुत्रांना शिकवत होता वगैरे जे सांगतात तो तर्क आहे. तर्क म्हणून सांगितला तर कोणाचं काही जात नाही.

उतरताना केवल-नरसिंह आणि रुद्र-नरसिंह ही दोन लहान देवळं चुकवू नका. गर्दी वर असते, इथे कोणी नसतं. आतल्या मूर्ती प्रचंड आहेत, अंधार असतो. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता एका बाजूनं, खालून वर धरा, म्हणजे आयाळ आणि चक्रावरचा हात उठून दिसतो. केवल-नरसिंहाच्या भिंतीत वाकाटककालीन शिलालेख आहे, प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशी जोडलेला. अक्षरं पेटीच्या आकाराच्या डोक्यांची. हात लावू नका, पाणी तर मुळीच ओतू नका. ओल्या दगडावर अक्षर क्षणभर स्पष्ट दिसतं आणि दर वेळी थोडं झिजतं.

दिवस उरला तर नगरधनला जा. आज दिसतो तो किल्ला नंतरच्या काळातला आहे; वाकाटकांचं गाव त्याच्या आसपासच्या जमिनीत आहे. तिथे २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन झालं आणि प्रभावतीगुप्तेच्या नावाची, शंखाचं चिन्ह असलेली मातीची मुद्रा मिळाली. मनसरची हिडिंबा टेकडी परतीच्या वाटेवरच लागते, विटांचं भलं मोठं काम आहे. पण चिखलात तिथे चढू नका, विटा सुटतात.

घरी आल्यावर कापड लगेच वाळत घाला, टाचण्या काढून. गंजाचे डाग मांजरपाटावरून जात नाहीत.